त्या सिस्टर सत्काराला का येत नाहीत?

वाचकाचे पत्र

डोंबिवलीतील आमच्या चव्वेचाळीस सदनिकांच्या सोसायटीला यंदा पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात कोविडच्या काळात सेवा देणाऱ्या आमच्याच रहिवाशांचा शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह देऊन सत्कार करावा, तसेच प्रवेशद्वारापाशी त्यांच्या नावांचा फलक लावावा, असे समितीने ठरवले आहे. नावे तीन निघाली. एक डॉक्टर, एक लॅब टेक्निशियन आणि तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात नोकरी करणाऱ्या सिस्टर. पहिल्या दोघांनी आनंदाने होकार दिला. सिस्टरांनी दारातच हात जोडले आणि म्हणाल्या, "काका, माझं नाव काढा. राग नाही, पण मला नको."

लपवण्यात अर्थ नाही म्हणून लिहितो. एप्रिल २०२० मध्ये समितीने त्यांना पत्र दिले होते, की रुग्णालयातील ड्युटी चालू असेपर्यंत आपली राहण्याची व्यवस्था अन्यत्र करावी आणि लिफ्टचा वापर टाळावा. त्या पत्रावर सचिव म्हणून माझी सही आहे. त्या जवळजवळ पाच आठवडे रुग्णालयाने दिलेल्या जागेत राहिल्या. मुलगी इथे आजीजवळ, म्हणजे त्यांच्या सासूबाईंजवळ होती. त्याच्या काही दिवस आधी आमच्या इमारतीने गल्लीत सर्वांत जोरात थाळ्या वाजवल्या होत्या. तो व्हिडिओ अजूनही ग्रुपवर आहे. समितीतील काहींच्या मते इतक्या वर्षांपूर्वीचे धरून बसणे हा निव्वळ अहंकार आहे. स्मृतिचिन्हे नावे कोरून आलीसुद्धा आहेत. मी बँकेतून निवृत्त झालो, माणसे हाताळली आहेत, पण इथे शब्द सुचत नाहीत. त्यांचे मन कसे वळवावे?

एक सचिव, वय ६९


उत्तर

सप्रेम नमस्कार.

त्या पत्रावर आपली सही आहे, हे वाक्य तुम्ही लिहिले नसते तरी चालले असते, आणि मग मी बहुधा तुम्हाला मन वळवण्याच्या चार युक्त्या सांगून मोकळी झाले असते. तुम्ही ते लिहिले, त्यामुळे मलाही सरळ उत्तर देणे भाग आहे. त्यांचे मन वळवू नका. त्यांनी तुम्हाला तीन छोट्या वाक्यांत स्वच्छ उत्तर दिले आहे, आणि त्यातील "राग नाही" हे वाक्यही खरे माना. राग असता तर त्या कदाचित आल्या असत्या आणि माइक हातात घेतला असता.

आधी थाळ्यांविषयी, कारण तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल थोडी शरम डोकावते आणि ती अनाठायी आहे असे मला वाटते. २२ मार्च २०२०, रविवार, संध्याकाळचे पाच. मीही गॅलरीत उभी होते. हातात पोळ्यांचे ताट आणि आमटीचा डाव. त्या ताटाला काठाशी पोचा पडला आहे आणि ते आजही आमच्या वापरात आहे. समोरच्या इमारतीतील जे आजोबा एरवी आमच्याकडे बघतही नसत, ते देवघरातील घंटा घेऊन बाहेर आले होते. तो आवाज निम्मा कृतज्ञतेचा होता आणि निम्मा भीतीचा. घरात कोंडलेल्या माणसांना आपण एकटे नाही हे ऐकायचे होते. इटली आणि स्पेनमधील लोकही बाल्कन्यांत येऊन तेच करत होते. माझ्या ओळखीच्या एक परिचारिका त्या वेळी ड्युटीवर होत्या. त्यांनी मला नंतर सांगितले, की आवाज ऐकून वॉर्डातील मावशी खिडकीशी गेल्या, पदर तोंडाला लावून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग बेडपॅन उचलायला परत आल्या. म्हणजे तो आवाज जिथे पोहोचायचा तिथे पोहोचला होता. त्याला खोटे म्हणण्याची गरज नाही.

प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे. त्या रविवारनंतर दोनच दिवसांनी, २४ मार्चला, दिल्लीच्या एम्समधील निवासी डॉक्टरांच्या संघटनेला केंद्रीय गृहमंत्र्यांना पत्र लिहावे लागले, की घरमालक डॉक्टरांना घरे रिकामी करायला सांगत आहेत. एप्रिलमध्ये चेन्नईत कोविडने मृत्यू पावलेल्या एका न्यूरोसर्जनच्या दफनाला जमावाने विरोध केला, अॅम्ब्युलन्सवर दगड मारले, आणि त्यांच्या सहकाऱ्यांना रात्रीच्या अंधारात त्यांना मूठमाती द्यावी लागली. या घटनांनंतर २२ एप्रिल २०२० रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून १८९७ च्या साथरोग कायद्यात दुरुस्ती केली. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेला तीन महिने ते पाच वर्षे तुरुंगवास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी तरतूद झाली; गंभीर दुखापत असेल तर त्याहून कडक. तुम्ही बँकेतले आहात, व्याख्या वाचण्याची तुम्हाला सवय असेल, म्हणून सांगते. त्या दुरुस्तीत हिंसेचा अर्थ मारहाणीपुरता ठेवलेला नाही. कर्मचाऱ्याच्या राहण्याच्या किंवा कामाच्या परिस्थितीवर परिणाम करणारा त्रासही त्यात धरलेला आहे. तुम्हाला घाबरवण्यासाठी मी हे लिहीत नाही. तुमच्या समितीला जो साधा खबरदारीचा कागद वाटला, त्या प्रकारच्या कागदाकडे त्याच महिन्यात देशाचा कायदा कोणत्या नजरेने पाहू लागला होता, एवढेच तुमच्या लक्षात यावे.

थाळी वाजवणारा आणि पत्र लिहिणारा माणूस एकच होता, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. मला वाटत नाही. थाळी वाजवायला शेजारीण लागत नाही. ज्यांच्यासाठी ती वाजवायची ते लोक दूर, रुग्णालयाच्या भिंतींआड असतात आणि आपण आपल्या गॅलरीत सुरक्षित असतो. तीच व्यक्ती संध्याकाळी पिशवी घेऊन आपल्या लिफ्टच्या दाराशी उभी राहिली, की कृतज्ञतेला पहिल्यांदा काही किंमत द्यावी लागते, आणि तिथे आपल्यापैकी बरेच जण मागे सरले. भीतीला मी दोष देत नाही. आपण दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो, भाजी सोड्याच्या पाण्यात बुडवत होतो, आलेले कुरिअर दोन दिवस दाराबाहेर ठेवत होतो. तुमच्या इमारतीत ऐंशीच्या घरातील माणसे असतील आणि त्यांच्या मुलांनी समितीच्या मागे तगादा लावला असेल, हेही मी समजू शकते. पण सगळ्या इमारतीच्या भीतीचे ओझे तुम्ही एकाच बाईच्या डोक्यावर ठेवले, आणि तेही अशा बाईच्या, जी आधीच सर्वांत जास्त धोका पत्करत होती. लिफ्टसाठी त्यांची वेळ ठरवता आली असती, बटणे पुसून घेता आली असती, त्यांच्या सासूबाईंचे वाणसामान कोणी दाराशी ठेवले असते. असे करणाऱ्या इमारतीही होत्या. काही ठिकाणी ड्युटी संपवून आलेल्या सिस्टरांना फाटकातच ओवाळले गेले, आणि मुख्य म्हणजे ओवाळून झाल्यावर त्यांना घरी जाऊ दिले गेले.

त्या पाच आठवड्यांत काय झाले, हे तुम्ही त्यांना कधी विचारले आहे का? पत्रात तसे दिसत नाही. मला त्यांच्याविषयी काही माहीत नाही, पण त्या दिवसांतील त्यांच्या कामाविषयी थोडे माहीत आहे. पीपीई किट एकदा चढवले की सहा-सात तास पाणी नाही, कारण शौचालयात जायचे तर किट उतरवावे लागे आणि दुसरे मिळेलच असे नसे. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, ते तुमच्या घरातील बायकांना विचारा. चष्म्यावर वाफ धरे आणि शीर अंदाजाने शोधावी लागे. नाकाच्या हाडावर मास्कने जखम होई, ती भरण्याआधीच दुसऱ्या दिवशीचा मास्क तिथेच बसे. नातेवाइकांना आत सोडत नसल्याने शेवटच्या घटकेला रुग्णाचा हात धरायलाही सिस्टरच, आणि स्वतःचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याचे मुलाशी बोलणे करून द्यायलाही त्याच. अशा ड्युटीनंतर घरी जायचे, मुलीला निदान दारातून बघायचे, एवढी एक गोष्ट उरलेली असते. ती तुमच्या सहीच्या कागदाने थांबली.

आता सत्काराकडे पाहू. व्यासपीठ, मागे बॅनर, एखादे नगरसेवक, हातात शाल. शाल घालणार कोण? बहुधा अध्यक्ष किंवा तुम्ही. त्यानंतर निवेदिका म्हणेल, "सिस्टरांनी दोन शब्द बोलावेत." तुम्ही अशा समारंभांना शंभर वेळा गेला असाल, ते दोन शब्द कोणते असतात हे तुम्हाला पाठ आहे. "या काळात सोसायटीने आणि शेजाऱ्यांनी मला फार सहकार्य केले, सर्वांचे आभार." त्या हे बोलल्या तर सर्वांसमक्ष खोटे बोलल्या. नाही बोलल्या तर कार्यक्रमाला गालबोट लावले, म्हणून पुढची पाच वर्षे त्यांच्याबद्दल जिन्यात बोलले जाईल. तुम्ही त्यांना मान देऊ पाहता आहात असे तुम्हाला वाटते, पण त्या व्यासपीठावर देणाऱ्या त्या आहेत आणि घेणारे तुम्ही. तुमच्या भाषेत सांगायचे तर, हप्ते थकलेले असताना तुम्ही त्यांच्याकडून खाते बंद झाल्याचा दाखला मागत आहात, त्यांच्याच हस्ताक्षरात. त्यांनी तो द्यायला नकार दिला आहे. याला अहंकार म्हणायचा असेल तर समितीने खुशाल म्हणावे. पत्र पाठवणारा ते फाइलला लावून विसरतो. ज्याला ते मिळते त्याला कागदाचा रंगसुद्धा आठवत असतो.

"कोविड योद्धा" या शब्दाबद्दलही थोडे. तो फलकावर लिहायचा तुमचा विचार असेल तर जरा थांबा. योद्धा म्हटले की जखमी होणे आणि मरणे त्याच्या कामातच धरले जाते आणि त्याला हत्यार पुरले की नाही हे विचारायचे राहून जाते. ३ मे २०२० ला हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी मुंबईत के.ई.एम. आणि जे.जे. रुग्णालयांवर फुलांच्या पाकळ्या टाकल्या. दृश्य सुंदर होते, मीही टीव्हीसमोरून हलले नाही. माझ्या त्या ओळखीच्या परिचारिकेने मात्र विचारले, की खालच्या पाकळ्या झाडायला कोणाची ड्युटी लागली असेल. ही थट्टा होती, पण तिच्यात तथ्य होते. तेव्हा त्यांना हव्या होत्या त्या गोष्टी फार साध्या होत्या. लोकल १५ जूनपर्यंत बंद होत्या, त्यामुळे डोंबिवलीहून मुंबईला जाण्यासाठी बस, धड मापाचे किट, वेळेवर पगार आणि रात्री परतल्यावर उघडणारे फाटक.

ही गोष्ट आपल्याकडचीच आहे असे नाही. ब्रिटनमध्ये २६ मार्च २०२० पासून दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन आरोग्य सेवकांसाठी टाळ्या वाजवत. लंडनमध्ये राहणाऱ्या अॅनमरी प्लास या डच बाईंनी ही कल्पना मांडली होती, आणि दहा आठवड्यांनी, २८ मेच्या टाळ्यांनंतर, हे आता थांबवावे असे त्यांनीच सुचवले, कारण त्या टाळ्यांचे राजकारण होऊ लागले होते. पुढच्या मार्चमध्ये सरकारने इंग्लंडमधील परिचारिकांसाठी एक टक्का पगारवाढ सुचवली, तेव्हा लोकांना त्या टाळ्या आठवल्या आणि संताप झाला. अखेर ती वाढ तीन टक्के करावी लागली. आपल्या राज्यात जून २०२१ मध्ये सुमारे सत्तर हजार आशाताई संपावर गेल्या. घरोघरी जाऊन तापमान आणि ऑक्सिजन मोजणाऱ्या या बायकांना पगार नाही, मोबदला मिळतो. आठवडाभराच्या संपानंतर महिन्याला पंधराशे रुपयांची वाढ पदरात पडली, त्यातले पाचशे कोविड भत्त्याचे. पुढच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांना पुरस्कार दिला. पुरस्काराचा त्यांना आनंद झालाच असेल. संप करावा लागला तो मात्र पंधराशे रुपयांसाठी.

आता तुमच्या कामाचे.

सर्वप्रथम त्यांचे नाव यादीतून गाजावाजा न करता काढा. कार्यक्रमात "काही अपरिहार्य कारणास्तव त्या येऊ शकल्या नाहीत" असे कोणी म्हणणार नाही, त्यांची खुर्ची रिकामी ठेवली जाणार नाही आणि मुलीच्या हाती शाल घरी पाठवली जाणार नाही, एवढे तुम्ही जातीने पाहा. उत्साही माणसे यांपैकी एखादी गोष्ट करतातच.

मग तुम्ही एकटे त्यांच्याकडे जा. समिती नको, अध्यक्ष नको, हातात फूल किंवा पेढ्यांचा बॉक्सही नको. आधी फोन करा, कारण रात्रपाळी असेल तर त्या दुपारपर्यंत झोपलेल्या असतील आणि अशा वेळी बेल वाजवून माफी मागणे म्हणजे आणखी एक त्रास. त्यांच्या सासूबाई घरात असतील अशी वेळ घ्या. त्या पाच आठवड्यांत नातीला जेवू घालून "आई कधी येणार" याचे उत्तर त्यांनी दिले आहे, त्यामुळे माफी त्यांचीही मागायची आहे. मुलगी आता मोठी झाली असेल. तिला ऐकायचे असेल तर ऐकू द्या. बोलायचे एवढेच: "ते पत्र चुकीचे होते. त्यावर माझी सही होती. मला माफ करा." यापुढे "पण" येऊ देऊ नका. "तेव्हाची परिस्थितीच तशी होती" हे वाक्य त्यांनी म्हटले तर तो त्यांचा मोठेपणा. तुम्ही म्हणायचे नाही. कार्यक्रमाचा विषय काढू नका. त्या बहुधा "जाऊ द्या हो काका" म्हणतील आणि चहा ठेवतील. चहा घ्या, आणि त्याचा अर्थ सत्काराला होकार असा लावू नका.

पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर गेले होते, तेव्हा ते मागे घेणेही सोसायटीच्याच कागदावर व्हायला हवे. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. तिच्यात ठराव मांडा, की एप्रिल २०२० मध्ये समितीने एका रहिवाशास दिलेले पत्र अयोग्य होते आणि ते मागे घेण्यात येत आहे. तसेच पुढे कोणतीही साथ आली तरी व्यवसायाच्या कारणावरून कोणत्याही रहिवाशाचा प्रवेश, पाणी किंवा लिफ्ट अडवली जाणार नाही. सिस्टरांचे नाव ठरावात नको, आणि ठराव मांडण्याआधी त्यांना कल्पना द्या. नको म्हणाल्या तर पहिला भाग गाळून दुसरा तरी मंजूर करून घ्या. विरोध होईल. कोणीतरी म्हणेल, जुनी मढी कशाला उकरायची. त्या वेळी उभे राहून सही माझी होती असे तुम्ही सांगितलेत, तर बाकीचे गप्प बसतील असा माझा अंदाज आहे.

याशिवाय त्यांना आज कशाची गरज आहे, हे सहज बोलता बोलता विचारा. रात्रपाळी करणाऱ्या माणसाच्या शेजारी सकाळी दहाला ड्रिल मशीन चालते, हे सोसायट्यांमधील सर्वांत दुर्लक्षित दुःख आहे. फ्लॅटची कामे दुपारनंतर काढायची असा नियम झाला तर तो शालीपेक्षा जास्त दिवस ऊब देईल.

तुमच्या यादीबद्दल एक तक्रार आहे. लॉकडाउनच्या प्रत्येक सकाळी चव्वेचाळीस घरांचा कचरा कोण उचलत होते? बाधित घराच्या दाराबाहेरची पिवळी पिशवी कोणी उचलली? फाटकावर थर्मामीटरची बंदूक घेऊन उभा असलेला वॉचमन कुठे झोपत होता, आणि त्या महिन्यांत त्याचा पगार पूर्ण दिला गेला की कापला गेला? तुम्ही सचिव होतात, हिशेबाच्या वह्या तुमच्याकडे आहेत. कापला असेल तर रौप्यमहोत्सवाच्या खर्चातून आधी तो चुकता करा.

फलकाचे म्हणाल तर माझे मत विरुद्ध आहे, आणि तीनपैकी दोनच नावे असलेला फलक रोज तिसऱ्याची आठवण करून देईल हे त्याचे एक कारण. दुसरे असे. मुंबईत धोबीतलावला, मेट्रो सिनेमाच्या परिसरात, एक पूर्णाकृती पुतळा आहे. तो गोव्यातील हडफड्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांचा. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग आल्याचे त्यांनीच प्रथम ओळखले. त्याच्या सावलीत रोज हजारो माणसे बसची वाट पाहतात आणि पुतळा कोणाचा हे बहुतेकांना ठाऊक नसते. त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. पुण्याच्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळायला २०१४ उजाडले. दगड आणि पितळ आपल्या वेळेने येत राहतात. तुमच्या फाटकापाशी पितळी पाटीची घाई नाही.

डॉक्टर आणि टेक्निशियन यांचा सत्कार जरूर करा, त्यांना तो हवा आहे आणि त्यांचा तो हक्क आहे. तिसऱ्या स्मृतिचिन्हाची चिंता करू नका. बहुतेक स्मृतिचिन्हांवर नावाची पट्टी वेगळी चिकटवलेली असते आणि दुकानदार ती थोड्या पैशांत बदलून देतो. त्यावर कोणाचे नाव घालायचे, ते सकाळी कचऱ्याची गाडी येते तेव्हा खाली उतरून विचारा.